थोरला लांडगा परत आला नाही: यॉगमॉथ डेकची एक हरलेली पोझिशन

आधी पोझिशन सांगते. मॅजिक हा पत्त्यांचा खेळ, त्यातला मॉडर्न फॉरमॅट (कुठले पत्ते चालतात हे ठरवणारा खेळप्रकार), ऑनलाइन लीगमधली मॅच, तिसरा गेम, माझा टर्न. माझं लाइफ ६, समोरच्याचं १२. माझ्या बोर्डवर यॉगमॉथ, दोन यंग वुल्फ, एक डिलायटेड हाफलिंग हे क्रीचर (लढणारे पत्ते) आणि चार लँड्स (ज्या टॅप करून, म्हणजे आडव्या करून, माना हा खर्चायचा पैसा मिळतो), सगळं अनटॅप, त्या टर्नची लँड टाकून झालेली. हातात कॉर्ड ऑफ कॉलिंग (डेकमधून क्रीचर शोधून थेट बोर्डवर आणणारा पत्ता) आणि एक जास्तीची लँड. समोर रॅकडॉस स्कॅम हा काळा-लाल डेक, त्याचा एक ऑर्किश बोमास्टर्स, त्याच्याबरोबर आलेला १/१ चा (ताकद १, टफनेस म्हणजे जीव १) ऑर्क आर्मी टोकन, दोन लँड्स उघड्या आणि हातात दोन पत्ते.

हा गेम त्याच टर्नला माझा होता. मी हरले. २०२३ ची दिवाळी जवळ आली होती, त्या डेकची फ्युरी (आल्याबरोबर क्रीचरवर ४ डॅमेज मारणारी) अजून लीगल होती (बंदी ४ डिसेंबरला आली), त्यामुळे त्या दिवसांत दर दुसऱ्या मॅचला समोर हाच डेक यायचा आणि हरण्याची सवय झाली होती असं म्हटलं तरी चालेल, पण ही हार वेगळी होती, कारण यात ना माझे पत्ते वाईट होते ना त्याचं नशीब जोरावर होतं. एक पिंग (बोमास्टर्सचा १ डॅमेजचा टोला) मी रिझॉल्व्ह होऊ दिली, म्हणजे लागू होऊ दिली, बस्स.

ज्यांना हा डेक माहीत नाही त्यांच्यासाठी यंत्र थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. यॉगमॉथ, थ्रॅन फिजिशियन हा पत्ता जून २०१९ मध्ये मॉडर्न होरायझन्समध्ये आला. चार मानाचा, २/४. १ लाइफ द्यायचं, आपला दुसरा एखादा क्रीचर बळी द्यायचा, मग जास्तीत जास्त एका क्रीचरवर -१/-१ काउंटर (ताकद आणि टफनेस एकेकाने कमी करणारी खूण) ठेवायचा आणि एक पत्ता ओढायचा. मानाही लागत नाही आणि टॅपही करावं लागत नाही, म्हणजे कधीही आणि कितीही वेळा करता येतं. यंग वुल्फ त्याच्याही आधीचा, फेब्रुवारी २०१२ चा, एका मानाचा १/१, त्याला अनडाइंग आहे: मेला आणि अंगावर +१/+१ काउंटर नसेल तर +१/+१ काउंटर घेऊन परत येतो. आणि मॅजिकचा नियम असा की एकाच क्रीचरवर प्लस आणि मायनस दोन्ही काउंटर आले की ते एकमेकांना खाऊन टाकतात.

मग दोन लांडगे घ्या. मी त्यांना थोरला आणि धाकटा म्हणते. थोरल्यावर प्लस काउंटर आहे, धाकट्यावर नाही. धाकट्याचा बळी द्यायचा, टार्गेट थोरला. धाकटा प्लस घेऊन परत येतो, मग अ‍ॅबिलिटी रिझॉल्व्ह होते, थोरल्यावर मायनस बसतो, त्याचा प्लस उडतो, थोरला कोरा. आता थोरल्याचा बळी, टार्गेट धाकटा. परत तेच. रहाटगाडगं. दर फेरीला एक लाइफ जातं आणि एक पत्ता हातात येतो. आता यात ब्लड आर्टिस्ट घाला, ज्याच्यामुळे कुठलाही क्रीचर मेला की समोरच्याचं एक लाइफ जातं आणि आपल्याला एक मिळतं, म्हणजे दिलेलं लाइफ परत येतं आणि समोरचा मात्र फेरीगणिक खाली जातो. १२ लाइफ म्हणजे बारा बळी.

एक बारकी गोष्ट, कारण नवीन लोक इथे हमखास अडकतात. दोन्ही लांडगे कोरे असतील तर पहिला बळी देताना दुसऱ्या लांडग्यावर टार्गेट करायचं नाही. केलंत तर तो १/१ मायनसने मरतो, अनडाइंगने प्लस घेऊन येतो, आणि आता दोघांवरही प्लस आहे, पुढचा जो मरेल तो गेलाच. पहिला बळी एकतर बिनटार्गेटचा द्यायचा ("जास्तीत जास्त एक" म्हणजे शून्यही चालतं) किंवा समोरच्याच्या क्रीचरवर मारायचा. आणि चुकून दोघांवर प्लस आलाच तर तिसरा कोणीतरी हवा, त्याचा बळी देऊन एका लांडग्याचा प्लस उडवायला. माझ्या पोझिशनमध्ये तो तिसरा म्हणजे हाफलिंग.

आता बोमास्टर्स. जून २०२३ मध्ये लॉर्ड ऑफ द रिंग्जच्या सेटबरोबर हा आला आणि आमच्या डेकच्या मानेवरच बसला. दोन मानाचा १/१, फ्लॅशने, म्हणजे कोणाच्याही टर्नला, येतो, आल्यावर १ डॅमेज मारतो आणि आर्मी बनवतो, आणि पुढे आपण ड्रॉ स्टेपचा पहिला पत्ता सोडून जो जो पत्ता ओढू त्या प्रत्येकाला परत १ डॅमेज आणि आर्मी मोठी. यॉगमॉथ दर बळीला पत्ता ओढतो. म्हणजे माझ्या प्रत्येक फेरीला त्याची एक पिंग. यॉगमॉथ खेळणाऱ्यांनी हे पहिल्या आठवड्यातच सोसलं, आणि खरं सांगायचं तर आमच्यातल्या निम्म्या लोकांनी मग स्वतःच्याच डेकमध्ये बोमास्टर्स घातले.

तर माझ्या डोक्यात त्या टर्नला काय चाललं होतं ते जसंच्या तसं लिहिते. कॉर्डने ब्लड आर्टिस्ट आणायचा हे ठरलेलंच होतं, पाच माना लागतात पण कॉन्व्होक आहे, क्रीचर टॅप करूनही किंमत भरता येते, म्हणजे दोन लांडगे आणि हाफलिंग टॅप करून तीन हिरव्या, यॉगमॉथ आणि एक लँड टॅप करून उरलेल्या दोन, आणि टॅप झालेल्या क्रीचरचा बळी देता येतोच, त्यामुळे तीन लँड्स उघड्याच राहतात. पण ब्लड आर्टिस्ट ०/१ आहे. बोमास्टर्स जिवंत असताना तो आणला तर पहिल्याच पत्त्याला पिंग त्याच्यावर येणार आणि तो मरणार. म्हणून आधी बोमास्टर्स मारू, मग निवांत कॉर्ड. एवढा सरळ विचार होता आणि तो मला तेव्हा शहाणपणाचा वाटला.

थोरल्याचा बळी दिला, टार्गेट बोमास्टर्स. लाइफ ५. थोरला प्लस घेऊन परत आला, २/२. अ‍ॅबिलिटी रिझॉल्व्ह झाली, बोमास्टर्सवर मायनस बसला आणि मी पत्ता ओढला. इथे मला माहीत होतं की बोमास्टर्स मरता मरता एक पिंग देऊन जाणार, कारण काउंटर ठेवणं आणि पत्ता ओढणं एकाच रिझोल्यूशनमध्ये होतं, पत्ता येतो तेव्हा तो अजून बोर्डवर असतो. तेवढी पिंग मी हिशोबात धरली होती. माझ्या लाइफवर येईल, किंवा हाफलिंगवर.

ती आली थोरल्यावर.

मी स्क्रीनकडे बघितलं आणि मनात म्हटलं, बरं झालं. २/२ आहे, १ डॅमेजने काय होतंय, लाइफही वाचलं. ओके दाबलं. आर्मी २/२ झाली, होऊ दे. मग कॉर्ड, एक्स बरोबर दोन (ब्लड आर्टिस्ट दोन मानाचा आहे), त्याने काही उत्तर दिलं नाही, ब्लड आर्टिस्ट बोर्डवर. मग धाकट्याचा बळी, टार्गेट थोरला, लाइफ ४, ब्लड आर्टिस्टने ते ५ केलं, समोरचा ११. धाकटा प्लस घेऊन आला. अ‍ॅबिलिटी रिझॉल्व्ह झाली, थोरल्यावर मायनस बसला.

आणि थोरला मेला. ग्रेव्हयार्डमध्ये गेला आणि तिथेच राहिला. अनडाइंगचा ट्रिगर आलाच नाही.

मला पहिल्यांदा वाटलं हा सॉफ्टवेअरचा बग आहे. प्लस आणि मायनसने एकमेकांना खाल्लं, मग लांडगा कोरा, कोरा लांडगा मेला तर परत यायलाच हवा, ना? स्क्रीनशॉटसुद्धा काढून ठेवला तक्रार करायला. बग नव्हता. नियम असा आहे की प्लस-मायनस एकमेकांना खाणं आणि लीथल डॅमेजने क्रीचर मरणं या दोन्ही गोष्टी एकाच तपासणीत, एकाच क्षणी होतात. मायनस बसला तेव्हा थोरल्याचा टफनेस १ झाला, अंगावर आधीचं १ डॅमेज होतंच, म्हणजे मरणार. आणि अनडाइंग मागे वळून बघतं ते मरायच्या अगदी आधीच्या क्षणाकडे, आणि त्या क्षणी प्लस काउंटर अजून अंगावर होता. प्लस असलेला मेला, म्हणून परत नाही. यंग वुल्फच्या अधिकृत रूलिंगमध्ये हे लिहिलेलं आहे, ते मी पूर्वी वाचलेलंही होतं, पण वाचलेलं आणि खेळताना हाताशी येणारं यात फार अंतर असतं.

पुढचं लवकर सांगते. थोरल्याच्या मरण्यानेही ब्लड आर्टिस्टने एक ओढलं, समोरचा १०, मी ६. धाकट्यावर प्लस, लूप संपलेला. त्याने लगेच ब्लड आर्टिस्टवर लाइटनिंग बोल्ट (३ डॅमेज) टाकला, मी उत्तरादाखल ब्लड आर्टिस्टचाच बळी देऊन एक लाइफ अजून काढलं, समोरचा ९. त्याच्या टर्नला फ्युरी आली, चारही डॅमेज यॉगमॉथवर. दोन टर्नमध्ये खेळ खलास.

त्या रविवारी मी दादाकडे गेले. दादा म्हणजे माझा मामेभाऊ, चिंचवडला राहतो, मला हा खेळ त्यानेच शिकवला आणि तो बर्थिंग पॉड या पत्त्याच्या काळापासूनचा आहे, म्हणजे २०१५ च्या जानेवारीत पॉडवर बंदी यायच्या आधी किचन फिंक्स आणि मेलीरा हे क्रीचर घेऊन हेच बळीचं गाडगं फिरवायचा, तिकडे पर्सिस्ट, इकडे अनडाइंग, चिन्हं उलटी एवढाच फरक. आम्ही डायनिंग टेबलवर पोझिशन मांडली. काउंटरसाठी फासे नव्हते म्हणून मामीने वाटीत चणे आणि शेंगदाणे दिले, चणा म्हणजे प्लस, शेंगदाणा म्हणजे मायनस. डॅमेजला काय ठेवायचं? मी म्हटलं डॅमेज लक्षात ठेवू की. दादा म्हणाला, "लक्षात ठेवलंस म्हणूनच हरलीस, ठेव काहीतरी." मग डॅमेजसाठी मिठाचा खडा ठेवला.

आणि खरंच, खडा ठेवल्यावर चित्र पूर्ण बदललं. थोरल्याच्या पत्त्यावर एक चणा आणि एक मिठाचा खडा. त्यावर शेंगदाणा ठेवायला हात गेला आणि थांबला, कारण आता दिसत होतं की शेंगदाणा चण्याला खाईल पण खडा तिथेच राहणार. स्क्रीनवरही ते दिसत असतंच, आकडा वेगळा दिसतो, पण आपण २/२ वाचतो आणि पुढे जातो.

मग एकेक रस्ता तपासला. पहिला प्रश्न, पिंग रिझॉल्व्ह झाल्यावर, खडा बसल्यावर काय करता आलं असतं? उत्तर इतकं साधं निघालं की मला रागच आला. टर्न पास. डॅमेज टर्नच्या शेवटी क्लीनअपला निघून जातं, काउंटर तसाच राहतो, कॉर्ड इन्स्टंट आहे, म्हणजे समोरच्याच्या टर्नलाही टाकता येतो, माझ्या चारही लँड्स तोवर टॅपसुद्धा झालेल्या नव्हत्या. त्याच्या अपकीपला (टर्नच्या सुरुवातीला, पत्ता ओढायच्या आधी) थोरला परत धडधाकट २/२. तोटा एवढाच की तोवर त्याच्या सगळ्या लँड्स अनटॅप होतात, माझ्या टर्नला त्याच्याकडे फक्त दोन होत्या. पण फ्युरी इन्स्टंट नाही, अपकीपला ती येऊ शकत नाही, आणि त्याने अजून पत्ताही ओढलेला नसतो. वाईट नाही हा रस्ता. मला तो सुचला नाही कारण कॉम्बो हातात दिसत असताना टर्न पास करणं मनालाच शिवत नाही.

दुसरा प्रश्न, पिंग स्टॅकवर असताना, म्हणजे अजून लागू व्हायची वाट बघत असताना (स्टॅकवर शेवटी आलेलं आधी लागू होतं)? इथे दादाने हात फिरवला. थोरल्यावर चणा, पिंग त्याच्याकडे निघालीय, बोमास्टर्स मेलेला आहे म्हणजे आता पत्ते ओढले तरी नवीन पिंग नाही. धाकट्याचा बळी, टार्गेट थोरला: धाकट्यावर चणा, थोरला कोरा. लगेच थोरल्याचा बळी, टार्गेट धाकटा: थोरला परत आला चणा घेऊन, पण आता तो नियमांच्या नजरेत नवा क्रीचर आहे, पिंग ज्याच्याकडे निघाली होती तो राहिलाच नाही. पिंग फुकट, आर्मीसुद्धा वाढत नाही, कारण टार्गेटच गेल्यावर अख्खा ट्रिगर जातो. दोन फेऱ्या, दोन पत्ते वर, किंमत दोन लाइफ, मी ३ वर. दादाला ही लाइन फार आवडली. मला नाही आवडत, कारण ३ लाइफवर कॉर्ड टाकायचा आणि समोर लाल डेक, दोन लँड्स उघड्या, हातात बोल्ट. बोल्ट होता हे आता माहीत आहे म्हणून नाही म्हणत, त्या डेकच्या हातात बोल्ट आहे असं धरूनच खेळायला हवं.

तिसरा, पहिला बळीच वेगळा द्यायचा. थोरल्याऐवजी हाफलिंगचा बळी, टार्गेट बोमास्टर्स. मग पिंग कुठे मारणार तो? दोन्ही लांडगे कोरे, कुठल्याही लांडग्याला मारलं तर तो चणा घेऊन परत येतो आणि माझंच काम होतं. लाइफवर मारली तर मी ४ वर. चांगला रस्ता, माझ्या खेळलेल्या लाइनपेक्षा कितीतरी चांगला, पण मग तिसरा क्रीचर गेला. लूप मध्यावर असताना त्याने प्लस असलेल्या लांडग्यावर बोल्ट टाकला तर त्या घडीला दोघांवरही प्लस असतो आणि सावरायला कोणी नाही.

इथपर्यंत येऊन जेवायला उठलो. आणि जेवताना मी दादाला सहज म्हटलं की मुळात कॉर्ड आधी टाकला असता तर पिंग ब्लड आर्टिस्टवरच आली असती. तो घास तसाच हातात धरून म्हणाला, "येऊ दे ना. आली म्हणजे लागली का?"

हेच ते. मी पिंगला घाबरून अख्खा टर्न उलटा खेळले होते. उष्टे हात धुवून परत मांडलं. कॉर्ड आधी. बोमास्टर्स जिवंत, ब्लड आर्टिस्ट त्याच्यासमोर ०/१. कॉर्डने शोधणं म्हणजे पत्ता ओढणं नव्हे, काही ट्रिगर नाही. मग थोरल्याचा बळी, टार्गेट बोमास्टर्स: लाइफ ५, ब्लड आर्टिस्टने ६, समोरचा ११, थोरल्यावर चणा. रिझॉल्व्ह: बोमास्टर्स मेला, एक पत्ता, आणि एक पिंग स्टॅकवर, टार्गेट काय हवं ते असू दे. ती स्टॅकवर लटकलेली आहे आणि तिला जन्म देणारा मेलाय. त्याच्या मरण्याचं ब्लड आर्टिस्टचं एक लाइफ तिच्याही खाली अडकलंय, म्हणून ते मोजत नाही. आता मी तिला उतरूच देत नाही. धाकट्याचा बळी, टार्गेट थोरला. थोरल्याचा बळी, टार्गेट धाकटा. सगळं तिच्या डोक्यावर, प्रत्येक फेरीला ६ चे ५, ५ चे परत ६, समोरचा १०, ९, ८, आणि पिंग खाली वाट बघत बसलेली. अकरा फेऱ्या. शून्य. चणे-शेंगदाणे मी खरंच एकेक करून उचलले, मामी येऊन बघून गेली की चाललंय काय.

त्याचा बोल्ट? टाकू दे, ब्लड आर्टिस्टवर टाकला तर त्याच्याही डोक्यावर फेऱ्या सुरू. प्लस असलेल्या लांडग्यावर टाकला तर हाफलिंग शिल्लक आहे, त्याचा बळी देऊन एकाचा चणा उडवायचा आणि गाडगं पुन्हा चालू. माझ्या लाइफवर टाकला तरी उत्तर तेच.

मला अजूनही वाटतं की हा डेक शिकवताना लोक "कोणाचा बळी द्यायचा" यावर फार बोलतात आणि "काय रिझॉल्व्ह होऊ द्यायचं" यावर फारच कमी. यॉगमॉथची अ‍ॅबिलिटी बिनमानाची आणि इन्स्टंट आहे, म्हणजे समोरच्याच्या प्रत्येक गोष्टीला मला उत्तर द्यायची संधी आहे आणि ती मी ओके दाबून सोडते. त्या पिंगला मी सेकंदभरही विचार केला नव्हता. समोरच्याने केला होता. नंतर रिप्ले परत पाहिला तेव्हा लक्षात आलं की टार्गेट निवडताना त्याच्या घड्याळातली जवळजवळ चाळीस सेकंदं गेली होती, अख्ख्या गेममध्ये तो एवढा कुठेच थांबला नव्हता. हाफलिंग होता, माझं लाइफ ५ होतं, यॉगमॉथ होता, ते सगळं सोडून त्याने बरोबर चणा असलेला लांडगा निवडला. त्याला रूलिंग पाठ होतं आणि मी डॅमेजसकट टार्गेट करेन यावर त्याने गेम लावला. मनापासून दाद देते.

दादाबरोबर शेवटी दोन बोमास्टर्सची पोझिशनही मांडून पाहिली, कारण स्कॅममध्ये चार-चार असायचे. तिथे दर पत्त्याला दोन पिंगा. कॉर्ड आधीच, मग थोरला पहिल्या बोमास्टर्सवर, दोन पिंगा स्टॅकवर. त्या उतरायच्या आत धाकटा दुसऱ्यावर, अजून एक पिंग. आता दोघांवर चणा आणि तीन पिंगा लटकलेल्या, मग हाफलिंगचा बळी, टार्गेट थोरला, आणि तिथून गाडगं. म्हणजे तिथे हाफलिंग राखीव राहतच नाही, तो लूपचाच भाग होतो. एक बोमास्टर्स असेल तर हाफलिंगशिवायही मी आता कॉर्ड टाकते. दोन असतील आणि तिसरा क्रीचर नसेल तर टर्न पास करते, कॉर्ड हातातच ठेवून.